पहिला आवाज

माझ्या धाकटीला आम्ही बडबडी म्हणतो, आणि ती जन्मापासून बहिरी आहे. नाव ठेवताना तिची टिंगल करायचं कुणाच्या मनात नव्हतं. पोरीचे हात एकदा बोलायला लागले की शेजारणीच्या नव्या सुनेपासून माझ्या भाजीतल्या मिठापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. जेवताना तिच्या हातावर चापट मारून सांगावं लागे, आधी घास गिळ, मग बोल.

तिचा आतला कान शाबूत होता. बाहेरून आत जाणारी वाट तेवढी जन्मतःच बुजलेली. डॉक्टर म्हणाले होते, घरात माणूस जागा आहे, फक्त दाराच्या जागी भिंत आहे. कवटीच्या हाडातून आवाज पोचवणारं यंत्र मिळतं म्हणे, पण त्याची किंमत ऐकून मीच कानांवर हात ठेवले. मी शिवणकाम करते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. नवरा लवकर गेला, आणि अभ्रे शिवून दोन मुली वाढवता येतात, कान विकत घेता येत नाहीत.

थोरली शिकली आणि तिने नवराही शिकलेला आणला. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. आमचा ग्रह तोंडाने गोड होता. वाकून बोलायचा, चहाचा कप स्वतः विसळायचा, आणि मला दर वाक्याला 'आई' म्हणायचा. धाकटीच्या तोंडून तो शब्द मला कधी मिळाला नव्हता, म्हणून असेल, परक्याच्या पोराच्या तोंडून आला तरी मी लोण्यासारखी वितळायचे.

हाडातून ऐकवणारी ती चकती त्यानेच बनवली. मोठ्या गुंडीएवढी, कानामागच्या हाडावर बसणारी. यंत्राचं डोकं सगळं फोनमध्ये, म्हणून स्वस्त. "जगभरातल्या गरीब बहिऱ्यांसाठी आहे, आई," तो म्हणाला. "पण सुरुवात आपल्या घरापासून."

माझ्या दुकानातच त्याने ती बडबडीच्या डोक्याला बांधली. मी पडद्याला शिवण घालत होते. तिने दचकून इकडेतिकडे पाहिलं, मग येऊन शिवणयंत्राच्या चाकावर तळवा ठेवला. चाक थांबलं. हात काढला, मी पायटा दाबला, चाक फिरलं. पुन्हा हात, पुन्हा काढला. मग तिला कळलं, आणि तिचे डोळे असे वाहायला लागले की माझ्या पडद्यावर डाग पडले. मी तिला हाक मारली. तिने माझा गळा धरला आणि हाक कुठून येते ते बोटांनी चाचपून पाहिलं. थोरली फोनवर हे सगळं टिपत होती आणि रडत होती. मीही रडले. जावईबापू मात्र बघत होते, आणि त्यांचे डोळे कोरडे होते. हे मला त्या दिवशी दिसलं, पण आनंदात कोण डोळे तपासत बसतं?

तो व्हिडिओ जगभर फिरला. ज्यांनी शेजारच्या बहिऱ्याकडे कधी मान वळवून पाहिलं नसेल, ते म्हणे आपापल्या देशात बसून ढसाढसा रडले.

पुढचे काही आठवडे बडबडीने चकती घरीच लावली. कान शिकवणाऱ्या एक बाई जावईबापूंच्या कंपनीने लावून दिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पी हळद अन् हो गोरी, असं नसतं हे. आत्ता तिच्या डोक्यात नुसता गोंगाट आहे. दिवसभर लावून ठेवलं तरच हळूहळू त्यातले शब्द सुटे होतील. तान्ह्या मुलासारखंच. कान जे सगळ्यांत जास्त वेळा ऐकतो, ते आधी शिकतो."

"मग ते 'आई'च असणार," मी म्हटलं.

कारण घरात आणखी एक जण होती. बडबडीची मुलगी, आमची पिटुकली. जावई नंबर दोन बोटीवर कामाला, वर्षातून एकदा उगवणारा, म्हणून मायलेकी माझ्याकडेच. पिटुकलीला ऐकू येत होतं. ती आजीशी तोंडाने आणि आईशी हातांनी बोलायला शिकत होती, आणि रडताना दोन्ही विसरून नुसती किंचाळायची. बडबडी पाठमोरी असली की ते किंचाळणं भिंतीला. मला आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. पिटुकलीची हाक तिच्या आईला कळावी, आणि डोळे मिटायच्या आधी मी बडबडीच्या तोंडून 'आई' ऐकावं. माझ्या मते हे फार नव्हतं.

मग गुंतवणूकदार आले.

लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, आणि कुणीच पाणी पीत नाही अशी ती खोली. जावईबापूंनी भाषण केलं. बोलणाऱ्याची बोरं विकतात, आणि याची जीभ तर आख्खा बाजार होती. शेवटी त्याने बडबडीला पुढे बसवून चकती लावली. ती गोड हसली. समोरचा चमचा उचलून कपावर वाजवून पाहिला, आवाज आवडला, पुन्हा वाजवला. मग माझ्याकडे वळून हातांनी म्हणाली, आपल्या घरच्या कपाचा आवाज याच्यापेक्षा चांगला आहे. मला अभिमानाने भरून आलं. पोरीला दोन कपांतला फरक कळत होता!

टेबलाच्या टोकाचा माणूस म्हणाला, "छान आहे. पण व्हिडिओत जे होतं, ते कुठे आहे?"

परतताना गाडीत जावईबापूंनी हात पुढे केला आणि बडबडीच्या डोक्यावरचा पट्टा सोडवला.

"आई, तिला सवय लागलीय."

"सवय लागावी म्हणूनच दिलीत ना?"

"हो, पण पैसे उभे राहीपर्यंत नको. लोकांना पहिला क्षण बघायचा असतो. सवय झालेला माणूस बघायला कोण पैसे देतं? थोडे दिवस, आई. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

थोरली पुढच्या सीटवर बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून चकती ऑफिसच्या कपाटात, कुलपात. ती बाहेर निघायची ती फक्त गुंतवणूकदारांपुढे, आणि काम झालं की परत आत. पोटात भूक ठेवून माणसाला पंगतीत नाचवावं तसं. आणि बडबडी आता प्रत्येक वेळी रडायची, ओक्साबोक्शी. समोरचे लोक चष्मे काढून डोळे पुसायचे. त्यांना वाटायचं, ऐकू आल्याचा आनंद. ती एकदा घरी येऊन मला हातांनी म्हणाली, "लावतात तेव्हाच मला दिसतं की हे आता काढणार. म्हणून रडते." मी हे थोरलीला सांगितलं. थोरली म्हणाली, "आई, हे बाहेर कुठे बोलू नकोस हं."

कान शिकवणाऱ्या बाईंनी ऑफिसात जाऊन भांडण केलं. पुढच्या महिन्यापासून त्या आल्या नाहीत. मी विचारलं तर जावईबापू म्हणाले, त्यांचा स्वभाव टीममध्ये बसत नव्हता.

शेवटी ज्यांनी खरा पैसा घातला, त्या बाईंना मी मनात थंड हातांच्या बाई म्हणते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला तेव्हा फ्रीजमधली भाजी धरल्यासारखं वाटलं. बाई वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणूस ओळखू तरी येतो. साधे कपडे, अंगावर दागिना नाही, प्रश्न नेमके. बडबडीचं रडणं झाल्यावर त्यांचेही डोळे भरले. ते त्यांनी पुसले आणि म्हणाल्या, "मी अनेक वर्षं चांगल्या कामात पैसा घालते आहे. जे मोजता येत नाही त्यात घालत नाही. तुम्ही काय मोजणार?"

"किती चकत्या वाटल्या, ते," जावईबापू म्हणाले.

"वाटलेल्या वस्तू कपाटात पडून राहतात. मी पाहिल्यात. मला हे मोजलेलं हवंय." त्यांनी बडबडीच्या ओल्या गालांकडे बोट केलं. "हा पहिला आवाज. असे किती?"

जावईबापूंनी बडबडीच्या गालांकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली. "एक चकती एकाला दिली तर एकच पहिला आवाज," ते म्हणाले. "तीच चकती गावोगाव फिरवली तर? सकाळी याला, दुपारी त्याला. एक यंत्र, हजारो आयुष्यं!"

"म्हणजे एका आवाजामागचा खर्च जवळजवळ काहीच नाही," बाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखर आदर होता.

मी मध्ये बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. "आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाने काय ऐकायचं?"

"फार चांगला प्रश्न आहे," बाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

"ते दुसऱ्या टप्प्यात, आई," जावईबापू म्हणाले.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. या देवाने दोन दिले खरे, पण चहा होईपर्यंतच.

पट्ट्यांचं काम माझ्याकडेच आलं. मऊ कापड, आत चकतीसाठी खिसा, धुता येईल असं. आधीचा पट्टा मी हुकाचा केला होता, बडबडी झोपली तरी सुटू नये म्हणून. जावईबापूंना तो चालेना. "आई, हा एका ओढीत निघाला पाहिजे. चिकटपट्टी लावा." आणि पट्टे मागितले मोजकेच. एवढ्या मोठ्या जगाला एवढेच? मी काही शिकलेली नाही, पण ज्याला कपडा स्वतःचा म्हणून द्यायचा असतो त्याचं माप घेतात. माप न घेता शिवतात ते भाड्याचे कपडे. मी शिवून दिले. नसते दिले तर बाजारातून घेतले असते, आणि मग बडबडीच्या चकतीची आशाही संपली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय?

शिबिरं सुरू झाली, आपल्याकडे, मग बाहेरच्या देशांत. ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा आकडा लावला. दूर कुठे कुणी पहिल्यांदा ऐकलं की इथे आकडा एकाने वाढायचा, आणि गुबगुबीत पिशव्यांवर बसलेली पोरं टाळ्या वाजवायची. बक्षिसं आली. जावईबापूंचा फोटो मासिकाच्या पानावर आला. थोरली तो घेऊन दुकानात आली आणि मी बॉबिन भरतेय हे पाहून माझ्या मांडीवर ठेवून गेली.

मग एक अडचण आली. लोक चकत्या परत देईनात.

ज्याने सगळं आयुष्य काचेच्या आड काढलं, त्याला तुम्ही काच फोडून दाखवणार आणि मग म्हणणार, चला, आत व्हा. कोण होईल? एका म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी डोकं धरून खांबाला मिठी मारली. एका बाईने कंपनीच्या पोराचा चावा घेतला. ते चित्रण बाहेर गेलं असतं तर सगळ्यावर पाणी पडलं असतं. बहिऱ्यांना समजावून सांगणार तरी कोण? पोरं त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओठ मोठे करकरून म्हणायची, "दे परत! दे परत!" वयाने बापासारख्या माणसांनाही सरळ अरेतुरे.

तेव्हा जावईबापू मिठाईचा डबा घेऊन माझ्या घरी आले. मला म्हणाले, "आई, बडबडीला नोकरी देतोय." आणि तिच्यापुढे पट्टा ठेवला, माझ्या हातचा जुना, हुकाचा. आत चकती. "ही तिची. कायमची. कुलूप नाही, कपाट नाही."

"आणि त्याबदल्यात?"

"तिने फक्त शिबिरात उभं राहायचं. ती त्यांच्यातली आहे, त्यांचा तिच्यावर विश्वास बसतो. तिने हात पुढे केला की देतील."

बडबडीला सगळं कळलं होतं. ती लगेच हो म्हणाली नाही. जेवली नाही. नुसती बसून पिटुकलीकडे बघत राहिली. पिटुकली जमिनीवर चिंध्यांशी खेळत काहीतरी बडबडत होती, लांबच लांब गोष्ट. मी तिला हातांनी म्हटलं, "सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेतं का? नको म्हण." तिने मला विचारलं, "ती काय बोलतेय?" मी म्हटलं, "चिंधीचं लग्न लावतेय." तिने विचारलं, "आणखी काय?" मग पुन्हा, "आणखी?" मी किती सांगणार? ती उठली आणि पट्टा डोक्याला बांधून हुक लावला.  

एका शिबिराला मी गेले होते. शाळेचा हॉल, ओळीने खुर्च्या, वर पंखे. मी शिवलेले पट्टे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालले होते. एक घंटा वाजायची, एक गाणं लागायचं, घरचं कुणीतरी कानाशी एक वाक्य बोलायचं. फोटो. मग बडबडी पुढे जायची. ती प्रत्येकाचा हात धरायची, स्वतःच्या कानाकडे बोट करून दाखवायची, मीही तुमच्यासारखीच. समोरच्याचा चेहरा असा सैलावायचा, जणू परमुलखात गाववाला भेटला. आणि मग ती तळवा पुढे करायची.

तिच्याच वयाची एक बाई होती, कडेवर मूल. गाणं संपल्यावर ती त्या मुलाच्या तोंडाला कान लावून बसली होती. मूल झोपलं होतं. बडबडीने तळवा पुढे केला. त्या बाईने मुलाकडे बोट केलं आणि हातांनी विनवलं, जागं होईपर्यंत थांब. एवढंच, जागं होईपर्यंत. मागून कंपनीची पोरगी ओरडत होती, "दे परत, दे परत, रांग केवढी आहे!" बडबडी क्षणभर थांबली. मग तिने त्या बाईचे केस बाजूला केले, प्रेमाने केले, हे मी शपथेवर सांगेन, आणि चिकटपट्टी ओढली. टर्रकन आवाज झाला. माझंच काम, एका ओढीत निघालं.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. पुन्हा कधी गेले नाही.

बडबडी मात्र रोज जात राहिली. सकाळी कंपनीची गाडी यायची, संध्याकाळी सोडायची. डोक्यावर चकती कायमची. घरी आली की पिटुकलीला समोर बसवून तिच्या ओठांकडे बघत ऐकायची. पण घरी उरायचं काय? थकलेला एक तास, जेवण, झोप. मी तिच्या मागे उभं राहून रोज म्हणायचे, "आई. म्हण, आई." ती वळायची, हसायची, मान हलवायची. तिला आवाज ऐकू आला, शब्द कळला नाही. कान शिकवणाऱ्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कानाला कंटाळा येत नाही, तुम्ही म्हणत राहा. मी म्हणत राहिले.

भिंतीवरच्या आकड्याला एक शून्य वाढलं, त्याचा समारंभ झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. थोरली आणि जावईबापू मिठाई घेऊन आले होते. मी दुकानात गणवेशांना गुंड्या लावत होते. बडबडी माझ्याजवळ खाली बसली होती आणि पिटुकली तिच्या पाठीवर चढून घोडा घोडा करत होती. खेळता खेळता पिटुकलीला आईच्या डोक्यावरचा पट्टा सापडला. माझा हुक आता जुना झाला होता. तिने तो काढला, चकती स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि दाराकडे पळाली. दारात उभी राहून खदखदून हसली आणि ओरडली, "आई! आई, बघ!"

बडबडीला ते ऐकू आलं नाही. तिने वळून पाहिलं. उठून मुलीजवळ गेली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, तळवा पुढे केला. आणि तिचं तोंड उघडलं.

"दे परत."

आवाज जाडा होता, जरा नाकातला. पण दोन्ही शब्द सुटे, स्वच्छ. माझ्या हातातली सुई बोटात गेली ते मला नंतर कळलं. पोर जन्मली तेव्हापासून मी ज्या आवाजाची वाट बघत होते, तो असा होता. तिच्या कानाने सगळ्यांत जास्त वेळा हेच ऐकलं होतं.

पिटुकलीचं हसू बंद झालं. आईच्या तोंडातून शब्द निघू शकतो हे तिला माहीत नव्हतं. तिने मुकाट्याने चकती तळव्यावर ठेवली आणि माझ्या पायांमागे येऊन लपली.

जावईबापू धावत बाहेर आले. "बोलली? आई, ती बोलली? पहिला शब्द! कुणी रेकॉर्ड केलं का?" थोरलीने फोन काढला. "पुन्हा म्हणायला सांगा ना तिला, आई."

बडबडीने पट्टा बांधला आणि हुक लावून घेतला. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता, त्या पहिल्या दिवशी यंत्राच्या चाकावर हात ठेवताना होता तसा. तिने माझा गळा नाही, स्वतःचा गळा चाचपला आणि हातांनी मला विचारलं, "बरोबर बोलले ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बोटातलं रक्त चोखलं आणि दोन्ही हातांनी तिला सांगितलं, "हो. अगदी स्वच्छ बोललीस."